फाटकाबाहेरचे बापू मास्तर

जामसंड्यात बापू मास्तरांच्या फाटकाच्या आत कुणी गेल्याचं ऐकिवात नाही. पोस्टमन, गॅसवाला, लग्नाची पत्रिका घेऊन आलेले नातेवाईक, सगळ्यांना ते फाटकावरच गाठतात आणि निरोप स्वतः आत नेतात.

“पेशीचा पण असाच असता,” ते सांगतात. “निरोप आणणारो भायर रवता. आवरणावरची जागा त्येका वळाखता आणि निरोप तेवडो आत जाता.”

पोस्टमनला मुलगी झाली, तेव्हा त्यांनी त्याला ऐकवलं की गर्भात तिची बोटं सुटी झाली तीही अशाच निरोपांमुळे. पोस्टमनने पेढा फाटकावरूनच दिला.

मासे विकणारी शेवंता मात्र बधत नाही.

“एका बांगड्यात पेशी किती, म्हायत आसा गो तुका?”

“मोजून घेवा, मास्तरानू. बांगडे किती होये ता आदी सांगा.”

मास्तर हायस्कूलात जीवशास्त्र शिकवायचे. लग्न केलं नाही. घरात थोरली बहीण, विधवा माई. निरोप पोचण्यातला बिघाड आहे तो त्यांच्यात. मज्जातंतूने सोडलेलं रसायन स्नायूपर्यंत पोचतं, पण ते ओळखणाऱ्या जागा शरीराच्याच प्रतिपिंडांनी अडवलेल्या असतात. दिवस कलला की माईंच्या पापण्या मिटू लागतात, आवाज विरतो. गोळी काही तास पुरते. आलेल्या माणसाशी बोलण्यात ताकद खर्च झाली, तर घास गिळवत नाही. म्हणून फाटक बंद.

एका रविवारी दुपारी मी शेजारून सोलकढीचा डबा घेऊन गेलो. मास्तर ओठांवर बोट ठेवून रस्त्यावर आले.

“माई झोपल्यात?”

“जागी आसा. सकाळपासून मी तिच्याशी बोलूक नाय. मी बोललंय तर ती जाब देतली. आवाज सरतलो.” त्यांनी डबा घेतला. “सांजे भाच्याचो फोन येता मुंबयसून. त्येका सुट्टी रविवारचीच.”

संध्याकाळी मी दोन घरांमधल्या आमच्या दगडी गडग्यापाशी उभा होतो. माई पडवीत फोनवर होत्या. आवाज बारीक, पण शब्द स्वच्छ.

“जेवलंस काय रे? खोकलो गेलो?”

मास्तर चार पावलांवर, पडवीपुढच्या खळ्यात उभे राहून ऐकत होते. मुलाने मामाबद्दल विचारलं असावं. माईंनी फोन पुढे केला. मास्तरांनी हातानेच नको म्हटलं.

माईंनी फोन पुन्हा कानाला लावला.

“मामा घरात नाय रे. खंय गेलो देव जाणे. तू बोल.”