सरकारकडून, सप्रेम

मे महिना उजाडला तरी आर्डिथ कुबिचेकचे बाराशे डॉलर आले नव्हते. कोरोनाच्या साथीत अमेरिकेच्या सरकारने माणशी तेवढे पैसे घरोघरी पाठवले होते. गावातल्या झाडून सगळ्यांना ते मिळाले. दोन वर्षांपूर्वी वारलेल्या एमिल झेलेनीच्या नावानेसुद्धा पैसे आले आणि त्याच्या बायकोने ते इमानदारीने परत केले.

"मेलेल्याला पोचले," आर्डिथ म्हणाली, "मी तर अजून रोज कोलाचे भाजतेय."

हे सारण भरलेले गोड पाव भाजतेय म्हणजे कसं, तर १९७४ साली घेतलेल्या शेगडीवर. चारपैकी एक बर्नर चालू, आणि ओव्हनचं दार लाकडी चमच्याची पाचर मारून बंद ठेवायचं. नवी शेगडी तिने हेरून ठेवली होती. बरोबर बाराशेला. रोज अकरा वाजता ती टपालपेटीपाशी जाऊन उभी राही.

खिडकीतून तिला पाहणारा लाइल तेव्हा मागे सरके. लाइल तिचा मुलगा, वय एकोणपन्नास, तळघरातल्या खोलीत राहणारा. फेब्रुवारीत फोनवर कराचा फॉर्म भरताना त्याला प्रश्न आला होता, तुमच्यावर कोणी अवलंबून आहे का? तो आईला डॉक्टरकडे नेत होता, दारातला बर्फ काढत होता. त्याने आईचं नाव घातलं. कर पाचशे डॉलरने कमी झाला. जो दुसऱ्याचा आश्रित, त्याला सरकारी पैसे नाहीत, हे पुढे एप्रिलमध्ये कळलं.

आईला सांगण्यापेक्षा बँकेत जाणं सोपं होतं. त्याने स्वतःला आलेले बाराशे काढले, पाकिटात घातले आणि पहाटे पेटीत ठेवून दिले.

अकरा वाजता आर्डिथने पाकीट उघडलं, चष्म्याशिवायच नोटा चाचपल्या आणि थेट शेरीफच्या कचेरीत फोन लावला. रोख पैसे दारात टाकणारे भामटे मागाहून घर लिहून घेतात, असं तिने वाचलं होतं.

डेप्युटी रँडी व्होसिका पंधरा मिनिटांत हजर झाला. लहानपणी तो तिच्याकडे चर्चमधल्या रविवारच्या शाळेत होता. तोंडावरचा रुमाल सावरत त्याने पाकीट चिमट्याने उचललं.

"काकू, यावर लिहिलंय, 'सरकारकडून, सप्रेम.'"

"मग?"

"सरकार सप्रेम लिहीत नाही. मलासुद्धा कधी लिहिलं नाही, आणि मी त्यांच्याच नोकरीत आहे. ठसे तपासायला पाठवतो. पैसे पुराव्यात जमा."

लाइल एकदम पुढे झाला. "सगळे जमा?"

"खटला संपेपर्यंत."

"रँडी, जरा दे इकडे." आर्डिथने चष्मा लावला आणि पाकीट लांब धरून पाहिलं. "ठसे राहू देत. हे अक्षर मी दुसरीच्या सुट्टीत घासून घेतलंय, तरी वळलं नाही. आणि हे 'सप्रेम' दरवर्षी मदर्स डेच्या कार्डावर येतं. पेट्रोलपंपावरच्या एका फुलाबरोबर."

रँडी बुटांकडे पाहू लागला. लाइलने फेब्रुवारीपासूनचं सगळं सांगून टाकलं.

बाराशेचं ऐकून आर्डिथ हलली नाही. एका शब्दापाशी मात्र अडली.

"आश्रित," ती म्हणाली. "मी. तुझी."

तिने मॅक्सीनला स्पीकरवर फोन लावला. मॅक्सीन निवृत्त शिक्षिका, लायब्ररीत लोकांचे कराचे फॉर्म फुकट भरून द्यायची.

"निम्म्याहून जास्त खर्च कोण करतं ते बघायचं," मॅक्सीन म्हणाली. "लाइल, घर कोणाचं?"

"आईचं."

"वीज?"

"आई भरते."

"जेवण?"

लाइलच्या हातात खसखशीचा कोलाचे होता. तो त्याने हळूच खाली ठेवला.

"कळलं," मॅक्सीन म्हणाली. "फॉर्म दुरुस्त कर, पाचशे परत भर. आर्डिथ, तुझे बाराशे पुढच्या वर्षी फॉर्म भरून मागायचे. त्यावर कर नाही."

"आणि हे पाकिटातले मी त्याचं वर्षाचं भाडं म्हणून ठेवले तर?"

"भाडं मिळकतीत धरावं लागेल."

आर्डिथने शेगडीकडे पाहिलं. "मदर्स डेच्या भेटीवर?"

"भेटीवर काही नाही."

"मग भेट. गेल्या वीस वर्षांची मिळून." तिने नोटा एप्रनच्या खिशात घातल्या. "रँडी, पाकीट राहू दे माझ्याकडे. त्यावर सप्रेम लिहिलंय."

जूनमध्ये शेगडी आली. चारही बर्नर एकदम पेटवून ती पाच मिनिटं नुसती बघत उभी राहिली.

पुढच्या फेब्रुवारीत लाइल स्वयंपाकघरात फॉर्म भरायला बसला. आईचे बाराशे मागून झाले होते, आता त्याचा स्वतःचा फॉर्म. तुमच्यावर कोणी अवलंबून आहे का? त्याने ताबडतोब 'नाही' दाबलं. फोनने पुढचं विचारलं, तुम्ही कोणावर अवलंबून आहात का?

त्याचं बोट अधांतरी राहिलं. समोर बशीत दोन गरम कोलाचे होते.

आर्डिथने पाठीमागून वाकून पाहिलं.

"'नाही' दाब," ती म्हणाली. "तू कमावतोस, कायद्याने आश्रित नाहीस. आणि खाऊन झालं की बशी विसळून ठेव."