एका पातेल्यात दोन बंदुकांच्या पुंगळ्या

सुज्ञ वाचकहो, एका पातेल्याने फिनलंडच्या सावो प्रांतातील आमच्या शिकारी मंडळाची राज्यव्यवस्था कशी उलथविली, ते येथे यथामती निवेदन करण्याचे योजिले आहे.

तैस्तो आणि त्याचा मेहुणा औलिस यांच्याकडे एकाच जातीच्या जुन्या लष्करी बंदुका होत्या. काडतूस झाडले की त्याची पितळी पुंगळी त्या बंदुकीच्या घराएवढी, म्हणजे नळीत काडतूस बसते त्या पोकळीएवढी फुगते. बुडाला कड असल्याने ती कडेवर टेकून राहते; म्हणून शहाणा मनुष्य ती पुन्हा भरताना गोळी धरणारी नुसती मान आवळतो, तिच्याखालचे उतरते खांदे दाबीत नाही. दर खेपेस खांदे दाबले तर पुंगळी ताणून ताणून एके दिवशी मधोमध तुटते. मात्र खांदे न दाबलेली पुंगळी पतिव्रता होते. परक्या तंग घरी ती नांदत नाही.

तैस्तोच्या बंदुकीचे घर ऐसपैस होते, औलिसच्या बंदुकीचे तंग.

“दाजी, घर आहे की गोठा?” औलिस म्हणे. “काहीही शिरतं त्यात!”

औलिस मंडळाचा प्रमुख, तर तैस्तो नऊ वर्षे मंडळाचा आचारी. यंदा प्रथमच त्याला बंदुकीसह जागा मिळाली. अट एकच: ज्याच्यासमोरून मूस, म्हणजे तिकडचे ते अवाढव्य सांबर, जिवंत जाईल, त्याने यापुढे सुपाचा डाव धरायचा.

तैस्तोची पत्नी इर्मा हिने मायेने दोघांच्याही पुंगळ्या एकाच पातेल्यात व्हिनेगर घालून उकळल्या आणि दोघांना निम्म्या-निम्म्या वाटल्या. ती चकाकी पाहून दोघेही हरखले. काडतुसे भरून झाली.

“एकदा बंदुकीत घालून बघूया का रे?” तैस्तोने विचारले.

“नवशिके बघतात, दाजी!”

शनिवारी कुत्र्याने हाकललेला मूस थेट औलिससमोर येऊन उभा राहिला. औलिसने काडतूस आत सारायला बंदुकीचा बोल्ट ढकलला. काडतूस अर्ध्यावर अडकले. पुढे जाईना, मागे येईना. मूस कान हलवीत हा सोहळा पाहत राहिला.

“बंद होत नाहीये!” औलिस वायरलेसवर कुजबुजला.

“काय बंद होत नाहीये?” तैस्तोने विचारले.

“बंदूक! तुम्ही तोंड बंद करा!”

मुसाला कंटाळा आला. तो डुलत डुलत तैस्तोच्या दिशेने गेला. गोठ्यात काडतूस सुखाने शिरले. एकच बार झाला आणि मूस आडवा पडला.

नियम तो नियम. औलिसच्या हाती डाव आला. सूप तळाशी करपले, वर खारट झाले, आणि बटाटे मात्र दगडच राहिले. प्रस्तुत लेखकानेही ते प्यायले आहे.

तैस्तो नऊ वर्षांत प्रथमच बसून जेवत होता. त्याने एक घोट घेतला. मग उठून त्याने बंदूक भिंतीला टेकविली आणि मेहुण्यासमोर हात पसरला.

“आण तो डाव इकडे.”

“पण दाजी, तुम्ही तर जिंकलात...”

“जिंकलो ना? मग मला उपाशी का मारतोस? सर बाजूला!”

तेवढ्यात इर्मा केक घेऊन आली आणि कौतुकाने म्हणाली, “पुंगळ्या कशा लख्ख निघाल्या होत्या ना? दोघांच्या एकत्रच उकळल्या. आजच्याही द्या, धुते!”

“नको!” दोघेही एका सुरात ओरडले.

येथवर सोबत केलीत, याबद्दल वाचकांचे अंतःकरणपूर्वक आभार.

आपला विनम्र,
तौनो रासिलाइनेन