पसंती विद्यार्थ्याची

योजना आखावी तर आम्हीच! १९९२च्या जूनमध्ये हे वाक्य मी शिंदखेड्यात इतक्यांदा म्हणालो, की आमची बायको कमल ताटात भाकरी टाकतानाच विचारायची, "आज आखली का एखादी?"

मी पितांबर सर. हायस्कुलात गणिताचा मास्तर, आणि वर दीनबंधू विद्यार्थी मंडळाचा चिटणीस. मंडळाचे अध्यक्ष जीवराम नाना, कापसाचे व्यापारी. माणूस दिलदार, फक्त कानाने जरा कमी. दरवर्षी नाना गरीब मुलांना वह्या वाटायचे आणि दरवर्षी तीच मुलं दहावीच्या गणितात आडवी व्हायची. त्या वर्षी नाना वैतागले. म्हणाले, "सर, माझ्याच वह्यांवर पोरं नापास होतात. आता दुसरं काहीतरी काढा."

काढलं! शिकवणीचं कुपन! दहावीतल्या चाळीस गरीब मुलांना एकेक पिवळं कुपन द्यायचं. मुलाने त्यावर आपल्याला हव्या त्या शिक्षकाचं नाव लिहायचं, पेटीत टाकायचं. त्या शिक्षकाची वर्षाची फी मंडळ भरणार. श्रीमंताचं पोर जसं मनाला येईल त्या क्लासला जातं, तसंच गरिबाचंही जाईल. केवढा उदात्त विचार! नानांचे डोळे पाणावले. माझेही पाणावले, पण माझं कारण जरा वेगळं होतं.

त्याचं असं, की गावात दहावीच्या शिकवण्या दोनच. एक पंडित सरांची, आणि दुसरी 'धनसिंग क्लासेस'. धनसिंग म्हणजे माझा मेहुणा. पाटीवर नाव त्याचं, शिकवणं माझं. नोकरीतल्या मास्तराला खाजगी शिकवणीची बंदी होती ना! मी पडलो कायदा पाळणारा माणूस, म्हणून पाटीवर मेहुणा घेतला. धनसिंग स्वतः गणिताला तीनदा बसलेला, त्यामुळे विषयाचा अनुभव दांडगा!

पंडित सर मंडळाच्या सभासदांना गाठून कुपनं आपल्याकडे ओढतील, ही एकच भीती. म्हणून मी नियमावलीत सातवा नियम घातला : 'पसंती सर्वस्वी विद्यार्थ्याची राहील. तीत अध्यक्ष, चिटणीस वा अन्य कोणासही ढवळाढवळ करता येणार नाही.' नाना म्हणाले, "वा! स्वतःचेही हात बांधून घेतलेत!" मी नम्रपणे मान खाली घातली. हसू लपवायला तेवढीच सोय.

मग सुरू झाली गरिबांची निवड. तोवर मला वाटायचं, आपल्या गावात बऱ्यापैकी खाऊनपिऊन सुखी लोक आहेत. छे! उत्पन्नाचे दाखले आले तेव्हा कळलं की अख्खा तालुका उपाशी झोपतो. भाईदास शेठ तर स्वतः ट्रॅक्टर चालवत अर्ज द्यायला आले.

मी म्हटलं, "शेठ, हा ट्रॅक्टर?"

"बायकोचा."

"आणि दोन मजली घर?"

"आईचं."

"मग तुमचं काय?"

"माझं फक्त हे पोर, सर!" शेठनी दाखला पुढे सरकवला. दाखला तर पक्का होता. काय करणार? भाईदासांचं पोर गरीब ठरलं.

बाकीची एकोणचाळीस मात्र खरोखरची गरीब. त्यातली एक लिला. तिची आई सुंदरबाई मिरचीच्या पथारीवर वाळत्या मिरच्या खालवर करायला जायची. ती कुपन घ्यायला आली तर मंडळाच्या कचेरीत आम्ही बसलेले पाचही जण शिंकायला लागलो! सुंदरबाई मात्र शांत. कुपन तिने उलटसुलट बघितलं आणि विचारलं, "सर, हाई कोनले बी देवाई का? कोनले बी?"

"कोणालाही! पसंती तुमची!" मी छाती काढून म्हणालो. आणि मग आवाज उतरवून, "तसे धनसिंगभाऊ फार छान शिकवतात हो."

"त्या तुम्हना सालाच ना?" सुंदरबाईने विचारलं आणि मी पुन्हा शिंकलो. या वेळी मुद्दाम.

आठवड्यात युद्ध पेटलं. पंडित सरांनी जाहीर केलं : आमच्याकडे कुपन आणणाऱ्यास स्टीलचा डबा मोफत! मी धनसिंगकडून जाहीर करवलं : आमच्याकडे कंपासपेटी मोफत! पंडितांनी रिक्षावर कर्णा बांधला. आम्ही दोन रिक्षांवर बांधले. तिन्ही रिक्षा बाजारपेठेत एकमेकींसमोर आल्या तेव्हा 'शंभर टक्के निकाल' आणि 'शंभर टक्के हमी' यांचा असा काला झाला, की एक म्हैस दावं तोडून थेट स्टेशनापर्यंत गेली. पंडितांनी सतरंज्या वाटल्या. मी चोपड्याहून केळीचे घड मागवले. आयुष्यात ज्यांच्या दारात कोणी मास्तर फिरकला नव्हता, त्यांच्या दारात आम्ही दोघं सकाळ-संध्याकाळ हजर! पंडित पुढच्या दाराने बाहेर पडले, की मी मागच्या दाराने आत. लोक केळी खायचे, डबा घ्यायचे, कंपासपेटी घ्यायचे आणि दोघांनाही सांगायचे, "तुम्हलेच देसूत, सर!"

एका गोष्टीकडे मात्र माझं लक्ष गेलं नाही. या चाळीस घरांतली बहुतेक मुलं संध्याकाळी कधी घरी भेटायचीच नाहीत. मला वाटलं, उनाडत असतील. गरिबाचं पोर घरी नसलं की ते उनाडतच असतं, अशी आम्हा मास्तरांची शास्त्रशुद्ध समजूत.

जुलैच्या पहिल्या रविवारी पेटी उघडण्याचा समारंभ झाला. शाळेच्या पटांगणात मंडप, धुळ्याहून आलेले एक निवृत्त शिक्षणाधिकारी पाहुणे, आणि मंडपामागे नानांच्या घरची स्वयंपाकीण सुगंधाबाई भज्यांचा घाणा काढतेय. निवडून आलेल्या शिक्षकासाठी शाल-श्रीफळ होतं. शाल मी स्वतः निवडली होती. धनसिंगच्या अंगावर कुठला रंग खुलेल याचा विचार करून!

धनसिंग नवा सफारी घालून पहिल्या रांगेत. पंडित सर दुसऱ्या टोकाला. मी पेटी उघडली, पहिलं कुपन काढलं आणि खणखणीत आवाजात वाचलं.

"सुगंधाताई."

मी घाईने दुसरं काढलं. "सुगंधाताई." तिसरं. "सुगंधाताई." चौथं, "पंडित सर." पंडितांनी मान ताठ केली. पुढची अकरा पुन्हा सुगंधाताई!

मी पंडितांकडे डोळे वटारले : काय चावटपणा हा? पंडितांनी माझ्याकडे वटारले : चावटपणा तुमचाच! तोवर नाना कानावर हात धरून पुढे वाकले. "काय म्हणालात? सुगंधा? आमची सुगंधा?"

घाबरलेला माणूस समोर येईल त्या फांदीला धरतो. मला गावात दुसरी सुगंधा माहीतच नव्हती. मी म्हणालो, "हो नाना, तीच असणार!"

नाना उभेच राहिले. "पाहा! वीस वर्षं माझ्या घरात भाकरी थापतेय, आणि मुलांना शिकवते हे एका शब्दाने बोलली नाही! याला म्हणतात निगर्वी! बोलवा तिला!"

दोघांनी जाऊन सुगंधाबाईला मंडपामागून धरून आणलं. एका हातात तेल निथळणारा झारा, तोंडावर बेसन. तिला वाटलं, भज्यांत काही निघालं. ती येता येताच सांगत होती, "नाना, मी काई करं नही! पीठ कालदिननं ताजं शे!"

नानांनी तिला शाल पांघरली. धनसिंगची शाल! झारा सोडायला ती तयार नव्हती, म्हणून नारळ दुसऱ्या हातात. टाळ्या! पाहुणे साहेब मुळात जिज्ञासू. त्यांनी माईक तिच्या तोंडापुढे धरला. "बाई, अभिनंदन! आपली पद्धत काय, ते जरा सांगाल?"

"पद्धत कसानी?" सुगंधाबाई म्हणाली. "बेसन जराखं घट्ट भिजाडनं पडस, बस."

मुलांच्या रांगांमधून असा हशा उसळला की मंडपाचा एक खांब हलला. लिला पोट धरून उभी राहिली. "सर, ह्या नाहीत हो! आमच्या ताई मागे बसल्यात!"

सगळ्या माना मागे वळल्या. शेवटच्या ओळीत एक पंचविशीची किडकिडीत बाई अवघडून उठली. सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. सुगंधा बैसाणे. धुळ्याच्या कॉलेजातून बी.एस्सी., तीही गणितात पहिल्या वर्गात. आमच्या शाळेत नोकरीसाठी तिचा अर्ज दोनदा आला होता. दोन्ही वेळा तो फायलीत लावून फायल कपाटात ठेवणारा मीच. कपाटाची किल्लीही माझ्याचकडे.

"मला यातलं काही माहीत नव्हतं," ती म्हणाली. "मुलांनी चला म्हटलं म्हणून आले."

"तुमचा क्लास कुठे?" पाहुण्यांनी विचारलं.

"भीमनगरच्या समाजमंदिरात. रोज सहा ते आठ. दोन वर्षं झाली."

भीमनगर आमच्या शाळेपासून चार मिनिटांवर. एकोणीस वर्षांच्या नोकरीत मी ती चार मिनिटं एकदाही चाललो नव्हतो. मुलं रोज चालत होती.

आणि मग या गावात कधी न घडलेला चमत्कार घडला : पंडित सर आणि मी एकाच बाजूने बोललो!

"क्लासला पाटी नाही!" पंडित म्हणाले.

"नोंदणी नाही! मंडळाने विचार केला पाहिजे!" मी म्हणालो.

"विचार काय करायचा?" पाहुण्यांनी चष्मा लावला. "नियम काय म्हणतो ते बघू. चिटणीस कोण? वाचा बरं."

चिटणीस मीच. वाचला सातवा नियम. 'ढवळाढवळ' हा शब्द उच्चारायला इतका जड असतो, हे मला त्या दिवशी कळलं.

नाना म्हणाले, "कोणी लिहिलाय हो हा? सोन्यासारखा नियम!"

मी तरी शेवटचा प्रयत्न केला. खाली उतरून सुंदरबाईला दबक्या आवाजात म्हणालो, "अहो, आम्ही तुम्हाला कंपासपेटी दिली, केळी दिली..."

सुंदरबाईला दबका आवाज ठाऊकच नव्हता. अख्ख्या मंडपाला ऐकू जाईल असं ती म्हणाली, "कंपास भारी शे, सर! पन तिनं काय करानं, हाई आम्हनी पोरले ताईनीच शिकाडं. तुम्हना वर्गात ती वरीसभर पहिला बाकवर बठनी. तुम्हले तिनं नाव तरी ठाऊक शे का?"

कुपनाचं वाटप मीच केलं होतं, यादी माझ्याच अक्षरात होती. त्यामुळे नाव तेवढं ठाऊक होतं, पण वर्गात ती कशी बसते, विचारलं तर काय विचारते, यातलं काही म्हणजे काहीच आठवेना. मी पुन्हा पेटीकडे वळलो आणि उरलेली कुपनं वाचून काढली.

अंतिम निकाल : सुगंधाताई छत्तीस, पंडित सर तीन, धनसिंग क्लासेस एक. तो एक म्हणजे भाईदास शेठचा गरीब मुलगा! धनसिंग सफारीची बटणं सोडत निघून गेला.

नानांनी सुगंधाला विचारलं, "ताई, आजवर फुकट शिकवलंत. आता मंडळाची फी घेणार ना?"

मला वाटलं, आता नाही म्हणेल, वर त्यागाचं भाषण करेल. ती सरळ म्हणाली, "घेणार की. दोन ट्यूबलाइट आणि मोठा फळाही लागेल. मुलं आता वाढतील."

स्वयंपाकीण सुगंधाबाईने शाल मात्र परत दिली नाही. नानांच्या हातून निघालेली वस्तू परत घेता येत नाही, असं तिचं म्हणणं. ते कोणालाही खोडता आलं नाही.

पुढच्या जूनमध्ये निकाल लागला. सुगंधाच्या छत्तीसपैकी चौतीस गणितात पास, लिलाला शंभरात एक्क्याऐंशी. आमच्या शाळेचा एकूण निकाल मी इथे सांगत नाही. जागेअभावी.

त्याच संध्याकाळी कमल माझ्यासमोर चप्पल ठेवून उभी राहिली. "चला."

"कुठे?"

"भीमनगर. आपली कोकिळा यंदा दहावीत गेली. तिचं नाव घालून या."

"अगं, मी गणिताचा मास्तर! लोक काय म्हणतील?"

"लोकांचं म्हणून झालंय," कमल म्हणाली. "आता फक्त तुम्ही राहिलात."

कोकिळाला घेऊन गेलो. चारच मिनिटं लागली. समाजमंदिराच्या ओट्यापर्यंत मुलं दाटीवाटीने बसलेली, नव्या फळ्यावर वर्तुळ काढलेलं. सुगंधाने मला बघितलं, खडू ठेवला आणि खुर्ची पुसून दिली. मी म्हटलं, पोरीला प्रवेश हवाय. कुपन नाही, फी भरीन. तिने मुलांना सरकवून कोकिळाला खिडकीजवळ जागा केली, एक बेरजेचं, एक समीकरणाचं गणित घातलं आणि तिची वही बराच वेळ बघत राहिली.

मग हलकेच, अगदी आदराने तिने मला विचारलं, "सर, हिला आजवर गणित कोण शिकवायचं?"

मी घसा खाकरला. "मी... मीच."

"असू दे," ती धीर देत म्हणाली. "दोन महिने जास्त लागतील, एवढंच."