हकीकत वैजापूरच्या सर्व्हरवर हेर बसविल्याची

सकळ शहाणे, चिकित्सक आणि संगणकापुढे बसोन चहा पिणारे थोर लोक यांसी विज्ञापना ऐसी जे, शहर छत्रपती संभाजीनगर, तर्फ चिकलठाणा औद्योगिक वसाहत, येथील सातकुंड सिस्टिम्स नामे दौलतीत शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, भाद्रपदापासोन दसऱ्यापर्यंत जी मोहीम जाहली, तिची साद्यंत हकीकत कोणी लिहोन ठेविली नाही. जे लढले त्यांस फुरसत नव्हती, आणि जे नुसते उभे राहोन पाहात होते त्यांनी आपापले नावे बढती लिहोन घेतली. सबब खरे ते लिहिणे प्राप्त जाहले. सरदारांची अब्रू राखावी म्हणोन कित्येक गोष्टी गाळिल्या आहेत. ज्या राहिल्या त्यांस इलाज नाही.

दौलतीची थोरवी काय वर्णावी! माणसे एकंदर अकरा, त्यांत साहेब म्हणवून घेणारे सात. खासा धनी राजश्री सर्जेरावसर. संगणकाचे विद्येत त्यांची गती ऐसी की, बंद पडिले यंत्र एकवार विझवून पुन्हा लावावे, इतका हुकूम ते स्वमुखे देत, आणि यंत्र लागले म्हणजे यश आपले पदरी घेत. त्यांचे उजवे हाती सेनापती गोकुळराव, जे खुर्चीवरून उठत ते फक्त जेवावयास. आणि या सर्वांची ओझी वाहावयास एकटी रत्नमाला, सर्व्हरांची राखणदार, नेमणूक कच्ची. घरी आई मुक्ताबाई, आणि घर चालत असे ते रत्नमालेचेच पगारावर.

या दौलतीचे एक ठाणे वैजापुरी. तेथे बायांचे गटाचे कोल्ड स्टोरेज, आणि त्यात दीडशे घरांचे कांद्याचे घरगुती बियाणे, उन्हाळ्यात झोडपून, पाखडून, पिशव्यांवर नावे घालोन ठेविलेले. आश्विन सरता त्याची रोपे टाकावयाची. खोलीची थंडी राखणारा सर्व्हर दौलतीने बसविला होता; तो थांबला की थंडीही थांबे. भाद्रपदात तो दोनदा थांबला, आणि दोन्ही वेळेस शहरास ना खबर ना वार्ता. ठाण्याची कारभारीण आवडाबाई हिने दुसरे दिवशी फोन करोन, "ताई, खोली चुलीवानी तापलीया, तुमी तिथं झोपलात का काय?" ऐसे पुसले, तेव्हा दौलतीस जाग आली.

दोष कोणाचा याची चौकशी बसती तर निघते की, सर्व्हरचा प्लग सैल आहे हे रत्नमालेने आषाढातच लिहोन दिले होते आणि तो कागद सरांचे टेबलावर चहाचे कपाखाली होता. सबब चौकशी बसली नाही. फर्मान मात्र सुटले की, तिसरे वेळी वैजापूर थांबोन शहरास खबर होण्याआधी आवडाबाईचा फोन आला, तर रत्नमालेस त्याच दिवशी कामावरून दूर करावे. फर्मान व्हॉट्सॲपवर आले, आणि खाली सहा साहेबांचे सहा अंगठे उमटले.

मग रत्नमालेने मसलत मांडिली की, वैजापूरचे सर्व्हरमध्ये एक हेर नेमावा. टोपीकर यास मॉनिटरिंग एजंट म्हणतात. लहानसा प्रोग्राम, सर्व्हरचे पोटात बसोन दर मिनिटास, आहे, बरा आहे, थंडी अमुक, ऐसी खबर शहरी मागील खोलीतल्या यंत्रास देणार. आणि तो गप्प जाहला म्हणजे गप्प बसणे हेच वर्तमान समजोन रत्नमालेचे मोबाइलवर घंटी वाजणार.

मसलत कानी पडताच गोकुळरावांनी, यश दुसऱ्याचे पदरी जाईल ऐसे भय घेऊन, इंटरनेटवरून कृती उतरवोन एका दुपारचे आत हेर बसविलासुद्धा. मागील खोलीतल्या यंत्राचा पडदा हिरवा जाहला, म्हणजे सर्व आलबेल. सरांनी पेढे मागविले. परंतु हेर बसविला कैसा? तर रूटचा अधिकार देऊन, म्हणजे सर्व्हरमधील कुल कोठारांच्या किल्ल्या कमरेस बांधोन; दारात उभा केला तो ऐसा की जगातील कोणीही येऊन पुसावे आणि त्याने सांगावे; बोलणे उघड, वाटेवरचे कोणीही ऐकावे; आणि वर, बाहेरून जो हुकूम येईल तो मुकाट बजावावा ऐसी मुभा. यास हेर म्हणत नाहीत, यास फितूर म्हणतात.

रत्नमालेने सर्व्हरचे आवकजावकीचे दप्तर उघडोन पाहिले, तो दोन प्रहरांत अनोळखी मुलखांतून तीनशे बारा जण दार ठोठावून गेलेले. उद्या कोणी याच दारातून शिरोन सर्व्हर थांबविला, तर नोकरी जाणार तिची. पेढे खाणारांचे काय जाते? तिने यादी छापोन घेतली आणि सरांची भेट मागितली.

"मॅडम, आपलं सर्व्हर कोण चोरतंय?" सर यादी न पाहता वदले. "ती काय म्हैस हाय व्हय?"

"सर, म्हैस नेली तर दावं तरी रिकामं दिसतं," रत्नमाला म्हणाली. "इथं काय गेलं ते पण कळणार नाही."

"चालू हाय ना? मग लई हात नको लावू," गोकुळराव पेढा चघळत बोलिले.

सरांस म्हशीचे बोलणे पटले, कारण तेवढेच समजले. मग हुकूम जाहला की, काय दुरुस्ती करणे ती खंडेनवमीचे आत करावी. त्या दिवशी पूजेस पाहुणे येणार, त्यांस पडदा लाल दिसता कामा नये.

मग रत्नमालेने कंबर बांधिली. प्रथम गोकुळरावांचा हेर बडतर्फ केला. मग नवा नेमोन त्यास स्वतःचे लहानसे खाते दिले, आणि पाहावे व सांगावे इतकीच सनद दिली. मग दाराशी चौकी बसविली की, मागील खोलीतल्या यंत्राचा पत्ता असेल तरच कवाड उघडावे, एरवी प्रत्यक्ष सर्जेरावसर आले तरी ओळख देऊ नये. मग बाहेरचे हुकूम बजावावयाची मुभा कापोन टाकिली. आणि सरतेशेवटी चौसष्ट अक्षरांची गुप्त चावी घडविली, एक प्रत हेराजवळ, एक मागील खोलीत. दोहींचा मेळ बसला तरच बोलावे, आणि बोलावे तेही वाटेत कोणास उमगणार नाही ऐशा भाषेत.

इतके करोन हेरास उठविले, तो उठेना. दीड दिवस उठेना. पडदा लालभडक, आणि गोकुळराव दर घटकेस येऊन "मी म्हणलंच होतं" ऐसे ऐकवून जात. या मोहिमेत त्यांनी केलेली चाल ती हीच. रत्नमालेने डबा तसाच परत नेला. दुसरे दिवशी ओळन् ओळ तपासिता निघाले काय? चावीची फाइल तिने रूटचे नावे केली होती आणि ती वाचावयाची सनद हेरास दिलीच नव्हती. पहारेकरी नेमावा आणि किल्ली तिजोरीत कोंडावी, ऐसा प्रकार. चूक तिचीच होती, हे तिने मनाशी कबूल केले, जी गोष्ट त्या कचेरीत पूर्वी कोणी केल्याची नोंद नाही. मग फाइल हेराचे नावे केली, दुसऱ्या कोणास वाचता न यावी ऐसी केली, आणि हेर उठला. पडदा हिरवा जाहला. या खेपेस पेढे आले नाहीत.

आश्विन शुद्ध नवमी, बुधवार. त्या दिवशी कचेरीतील कीबोर्ड, प्रिंटर, हजेरीचे यंत्र, चहाचा थर्मास आणि सरांची गाडी यांस हळदकुंकू लागोन झेंडूच्या माळा पडल्या. रिवाज ऐसा की, खंडेनवमीस पुजिले हत्यार दसऱ्याची पूजा होईतो उचलू नये. सबब कुल संगणक विझवून पाटांवर मांडिले. मागील खोलीतले यंत्र तेवढे वाचले, कारण त्याची वायर पाटापर्यंत पुरेना. रत्नमालेचा लॅपटॉप तिचे पिशवीतच राहिला. तिचे घरी हा रिवाज नव्हता, दसऱ्यास मायलेकी बुद्धलेणीवर जात, आणि पूजेकरिता तिचे हत्यार कोणी मागितलेही नाही.

सरांचे मनी आले की, यंदा शस्त्र काही नवे पाहिजे. गोकुळरावांनी चावी सुचविली. मग ती चौसष्ट अक्षरे मागील खोलीतून काढोन ठळक टायपात छापिली, कागदास कुंकवाची पाच बोटे लाविली, तलवारीचे जागी मधोमध मांडोन पुढे लिंबू ठेविले, सरांनी हात जोडिले, गोकुळरावांनी छबी घेतली, आणि "आमचे नवे शस्त्र" ऐसे वर लिहोन सरांनी ती स्टेटसवर लाविली व सर्व गटांवर धाडिली. शत्रूस किल्ल्याची चावी चोरोन देणारे फितूर आजवर पुष्कळ जाहले. तीस हार घालोन, उदबत्ती ओवाळोन देणारे हेच पहिले.

रत्नमालेस हे कळले ते फोनवर आवडाबाईचे मुखे. "ताई, सायबांच्या फोटूत त्ये लांबलचक काय लिव्हलंय? आमच्या बायांनी बी स्टेटसला ठिवलंय. चांगलं असतंय व्हय?"

"नाही मावशी, लई वाईट असतं," रत्नमाला म्हणाली. "काढायला सांगा सगळ्यांना."

तिचे डोळ्यांत पाणी आले, ते रागाचे. दाराशी चौकी होती, हुकमाची मुभा कापिली होती, म्हणोन नुसत्या चावीने किल्ला पडत नव्हता हे खरे. परंतु चव्हाट्यावरची चावी ती चावी कसली? ती तशीच सरांपुढे गेली आणि चावी बदलणे आहे ऐसे सांगितले.

"पुजलेल्या हत्याराला आज हात लावायचा नाय," सर गरजले. "पाप कोणाच्या डोक्यावर?"

रत्नमालेने मान डोलाविली. "बरोबर आहे सर. पाटावरच्या चावीला मी शिवत नाही. दुसरी करते. तिची कुठं पूजा झालीय?"

सर विचारात पडले. धर्मशास्त्राची ऐसी अडचण त्यांस पूर्वी कधी आली नव्हती. ते विचारात आहेत तोवर तिने पिशवीतून लॅपटॉप काढिला, नवी चावी घडविली, हेराजवळ व मागील खोलीत रुजू केली, आणि जुनी रद्द केली. पाटावरचा कागद जागचा हलला नाही.

पाहुणे जमले. आरती होऊन प्रसादाचे द्रोण फिरू लागले. बारा वाजोन एक मिनिट जाहले, तोच रत्नमालेचे मोबाइलवर घंटी वाजली. वैजापूर गप्प. तिसरी वेळ. तिने हातातला द्रोण खाली ठेविला. आवडाबाईचे बोट आता फोनवरच असेल, ऐसे समजोन तिने आधीच नंबर लाविला आणि कचेरीत सर्वांस ऐकू जाईल ऐसा आवाज मोठा केला.

"मावशी, सर्व्हरचा प्लग निसटला, की बटण कोणी बंद केलं?"

"अगं माय! आत्ताच तर केलं म्या. हळद लावताना करंट बसंल म्हून. तू काय आमच्या पत्र्यावर बसलीस का काय? तुला कसं कळलं?"

"आधी चालू करा. बियाणं तापेल."

"पर तुमच्या सायबांचाच मेसेज हाय की! बाराला समदी यंत्रं इझवा, अन् दसऱ्याची पूजा झाल्याबिगर लावू नका म्हून."

पाहुणे सरांकडे पाहू लागले आणि सर लिंबाकडे पाहू लागले. दीडशे घरांचे वर्षाचे बियाणे उद्यापर्यंत उकडत ठेवावयाचा हुकूम कोणी दिला, हे पुसावयाची हिंमत कोणास जाहली नाही आणि गरजही उरली नाही. पलीकडे खटका वाजला. दुसरे मिनिटास हेराने खबर दिली की, आहे, बरा आहे, थंडी जागेवर.

येणेप्रमाणे फत्ते जाहली, ती कलमबंद केली ऐसी: वैजापूर तिसरे वेळी थांबले ते खासा धन्याचे हुकमाने, खबर शहरी एका मिनिटात पोहोचली, थांबल्याचा आवडाबाईचा फोन आला नाही, तिला फोन गेला, सबब फर्मान निकामी होऊन रत्नमालेची नेमणूक आश्विन अखेर कायम जाहली. दसऱ्यास सोने लुटतेवेळी सरांनी या यशाबद्दल गोकुळरावांस शाल पांघरविली. कार्तिकात आवडाबाईने वाफ्यात उगवलेल्या रोपाचा फोटो स्टेटसला ठेविला, तो मात्र खरोखर पाहण्याजोगा होता.

राहिला तो पुजिलेला कागद. तो विसर्जन करावा की जपावा, ऐसे सरांनी रत्नमालेस पुसले. "फ्रेम करा सर," ती म्हणाली, आणि दारासमोर, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाची नजर पडेल ऐशी जागा दाखवून खिळाही स्वहस्ते ठोकून दिला. सर तीस नित्य उदबत्ती लावितात, पाहुणे हात जोडितात, कोणी कोणी फोटो काढोन नेतात. त्या चावीने कोणतेही कुलूप उघडत नाही.