चौथ्या गाण्यातली घंटा

रेकॉर्डच्या चौथ्या गाण्यात घंटा वाजते हे बोंगो हेझेकायाला कळलं, तेव्हा रेकॉर्ड छापून दुकानात आली होती आणि ती ऐकायला निम्मी गल्ली रस्त्यात उभी होती.

शनिवारची संध्याकाळ होती. रेकॉर्ड काढणाऱ्या लॅसेल्सने आपल्या दुकानाबाहेर कपाटाएवढे स्पीकर लावले होते. हेझेकाया धुतलेला सदरा घालून स्टुलावर डोळे मिटून बसला होता. अर्धं आयुष्य त्याने ढोल बडवत बॅबिलॉनच्या, म्हणजे गोऱ्यांच्या जुलमी राज्याला शिव्याशाप दिले होते, आफ्रिकेतल्या घरी परतायची गाणी म्हटली होती, आणि आता जटा नि दाढी पांढरी झाल्यावर कुठे ती गाणी तबकडीवर आली होती. तीन गाणी झाली. बायका डोलत होत्या. चौथ्यात ढोल रंगात आला आणि स्पीकरमधून स्वच्छ आवाज आला, ठण्. ओळीच्या शेवटी पुन्हा ठण्.

गर्दी डोलायची थांबली.

वर्ष निवडणुकीचं होतं. एका पक्षाचं चिन्ह घंटा, दुसऱ्याचं माणसाचं डोकं, आणि ही गल्ली कोंबड्यांसकट डोकेवाल्यांची. त्या वर्षी किंग्स्टनमध्ये माणसं सदऱ्याचा रंग दोनदा बघून घराबाहेर पडत. चुकीच्या गल्लीत चुकीचं चिन्ह म्हणजे चंबूगबाळं हातगाडीवर घालून निघायचं, तेही तेवढी सवड मिळाली तर.

"बोंगो," गर्दीतून कोणीतरी नेहमीच्या मानाच्या नावाने हाक मारली, "तुम्हीसुद्धा?"

"मी नि मी काय?" हेझेकायाने डोळे उघडून विचारलं. रास्ता पंथाचा माणूस स्वतःला नुसतं 'मी' म्हणत नाही. एक मी त्याचा, दुसरा त्याच्या आतल्या देवाचा. त्या क्षणी दोघांनाही काही उमगलं नव्हतं.

चूक मात्र साधी होती. लॅसेल्सकडे दुकानामागे अंड्यांचे पुठ्ठे ठोकलेली रेकॉर्डिंगची खोली होती, पण हेझेकायाने तिथे बसायला साफ नकार दिला. ढोलाखाली माती हवी आणि वर आभाळ हवं, हा त्याचा हट्ट. शेवटी लॅसेल्सने वायर ओढत ओढत मायक्रोफोन त्याच्या अंगणात नेला. अंगणाला पत्र्याचं कुंपण, आणि कुंपणापलीकडे हेझेकायाच्या थोरल्या बहिणीचं, आयव्होरीनचं, रिव्हायव्हल चर्च. पांढरे फेटे बांधलेल्या बायका तिथे गोल फिरत, त्यांच्या अंगात येई, आणि मदर आयव्होरीन मध्ये उभी राहून पितळी घंटा वाजवी. गल्लीने ती घंटा इतकी वर्षं ऐकली होती की आता ती कुणाला ऐकूच येत नसे. लॅसेल्सलाही आली नाही. मायक्रोफोनला मात्र गल्लीची सवय नव्हती.

"मग काढून टाक ती," हेझेकाया म्हणाला.

"कशी काढू? ढोल आणि घंटा एकाच टेपवर बसलेत. घंटा पुसली की ढोलही गेला," लॅसेल्स म्हणाला. त्याने काही आयुष्यभराची जमा या रेकॉर्डला लावली नव्हती, पण गर्दीचा रागरंग बघून त्याचंही तोंड उतरलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच डडली आला. डडली म्हणजे गल्लीतला डोकेवाल्यांचा माणूस. तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं. पण तो टोपी काढून अदबीने ओट्यावर बसला, आणि हेझेकायाच्या तोंडचं पाणी पळालं.

"माझ्या आईला तुमची गाणी आवडतात, बोंगो. म्हणून शांतपणे विचारतो. कधीपासून?"

"मी नि मी जन्मात मत दिलेलं नाही. मतपेटी बॅबिलॉनची."

"तेच मी पोरांना सांगतोय. पोरं म्हणतात, मग घंटा?"

"ती... ती नुसती घंटा आहे."

"तेवढं पोरांनाही ऐकू आलं." डडलीने टोपी डोक्यावर ठेवली. "पुढच्या रविवारपर्यंत काहीतरी सांगा. पटेल असं सांगा. तोवर पोरांना मी आवरतो."

इकडे ही तऱ्हा, तर तिकडे घंटावाल्यांना आनंदाचं भरतं आलं. त्यांचा ट्रक कर्णे लावून पलीकडच्या रस्त्यावर चौथं गाणं दिवसभर वाजवायला लागला. वर त्यांनी हेझेकायाला रमची पेटी आणि एक धष्टपुष्ट बोकड भेट पाठवला. हेझेकाया दारूला शिवत नसे आणि मांस त्याला वर्ज्य. रम त्याने गटारात ओतली, पण बोकड कुठे ओतणार? घंटावाल्यांच्या भागात तो परत करायला जायची कुणाची छाती होईना. तो अंगणात खुंटीला उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला पुराव्यासारखा दिसत राहिला.

"ढोल नव्याने रेकॉर्ड करू," लॅसेल्सने तोड काढली. "चर्च बंद असेल त्या दिवशी. जुन्या रेकॉर्डी मी परत मागवतो."

चर्च बंद असलेल्या दिवशी पुन्हा वायर ओढली गेली. हेझेकायाने ढोल मांडीशी घेतला. ओळ छान उचलली, आणि वळणावर ढोल गाण्याच्या पुढे पळाला. पुन्हा घेतलं, पुन्हा पळाला. हेझेकाया म्हणाला, कातडं ओलं आहे. ढोल उन्हात ठेवला. मग म्हणाला, बोकड बघतोय. बोकडाला पाठमोरं बांधलं. ढोल तरीही पळाला.

लॅसेल्सने कानावरचा हेडफोन काढला. "राग मानू नका, बोंगो. त्या रेकॉर्डवर घंटा तुमच्या मागून येत नव्हती. तुम्ही घंटेच्या मागून जात होता."

हेझेकायाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मी नि मी? त्या घंटेच्या मागून?"

"आणि काय बिघडलं? सांगून टाका सरळ, घंटा चर्चची आहे, बहिणीची आहे. डडलीचं समाधान होईल, पोरं घरी जातील."

पण नेमकं तेच हेझेकायाला मेल्याहून मेल्यासारखं होतं. इतकी वर्षं त्याने गल्लीला सांगितलं होतं की रिव्हायव्हल म्हणजे गोऱ्या मालकाचाच धर्म, फक्त फेटा बांधलेला. आयव्होरीन सांगत असे की माझा भाऊ चांगल्या ख्रिस्ती घरचा होता, एक दिवस कंगवा हरवला आणि रास्ता झाला. दोघं बोलत ती कुंपणावरून, आणि तीही टोमणे मारण्यापुरती. आता बॅबिलॉनला हादरवायला काढलेल्या रेकॉर्डचा ठेका चर्चच्या घंटेने सांभाळला, हे चारचौघांत कबूल करायचं?

"त्यापेक्षा घंटावाला म्हणवून घेतलेलं परवडलं," तो म्हणाला.

"बोकड तर घेतलेलाच आहे," लॅसेल्स म्हणाला आणि वायर गुंडाळायला लागला.

संध्याकाळी हेझेकाया कुंपणाशी गेला. पलीकडे आयव्होरीन नीरफणस भाजत होती.

"आयव्ही."

"दोघेही आलात, की एकटाच?"

"त्या दिवशी घंटा जरा हळू वाजवता आली नसती?"

"हळू वाजवली असती तर तुला ऐकू आली असती का?"

हेझेकाया पत्र्यावरचा गंज नखाने खरवडायला लागला.

"वळण आलं की धावतोस तू," ती म्हणाली. "लहानपणापासून. आई प्रार्थनेला तुला ढोलावर बसवायची आणि घंटेने आवरायची. त्या दिवशी पत्र्यापलीकडून ऐकलं, तर हा आपला सुटलाय! आयुष्यभराचं काम असं एकदाच तबकडीवर जातं माणसाचं. आई नाही, मग आवरायचं कोणी? वाजवली मी. माझ्या बायकांच्या अंगात आलं होतं, त्यांनासुद्धा तुझ्या ठेक्यावर फिरवलं. एक बिचारी चक्कर येऊन पडली."

हेझेकायाने पत्र्याला हात टेकला. त्याला लाज वाटली, भयंकर लाज वाटली, आणि त्या लाजेखाली कुठेतरी फार बरंही वाटलं. आपल्या ढोलाकडे इतकं नीट कान देऊन कोणी बसलं असेल असं त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"मग हे तू डडलीला सांग ना," तो म्हणाला.

"मी का म्हणून? रेकॉर्डवर नाव तुझं. तू सांग, आणि सगळ्यांसमोर सांग. खऱ्याला घाबरायचं काय?"

रविवारी लॅसेल्सच्या दुकानापुढे गल्ली जमली. डडली आणि त्याची पोरं होती, डोंगरावरून हेझेकायाच्या पंथातले दोन वडीलधारे रास्ता काठ्या टेकत आले होते. हेझेकाया स्टुलावर चढला, मग काय वाटलं कोण जाणे, खाली उतरून बोलला.

"घंटा पक्षाची नाही. आयव्होरीनच्या चर्चची आहे. मी नि मी ढोल शिकलो तो आईकडे, त्यांच्याच प्रार्थनेत. ती घंटा नसली तर..." तो पायाखालच्या मातीकडे बघत म्हणाला. "तर मी धावतो."

या वाक्यात एकच मी होता, हे गल्लीच्या ध्यानात आलं. कोणी हसलं नाही.

डडलीने मात्र डोकं खाजवलं. "म्हणजे मदर घंटावाल्यांच्या?"

गर्दी दुभंगली आणि पांढरा फेटा पुढे आला. "डडली, तुला डांग्या खोकला झाला होता तेव्हा तुझ्या आईने तुला याच घंटेखाली आणून निजवलं होतं. तेव्हा तुझा पक्ष कोणता होता रे? लंगोटाचा?"

हशा पिकला. डडलीची पोरं सगळ्यात जोरात हसली. डडलीने टोपी सारखी केली आणि निकाल दिल्यासारखं जाहीर केलं, "चर्चची घंटा आहे. विषय संपला." वडीलधाऱ्या रास्तांनी बराच वेळ दाढ्या कुरवाळल्या, मग एकजण म्हणाला, ढोल छान लागलाय, आणि ते डोंगराकडे परत निघाले. बोकड डडलीने पक्षातर्फे परत करतो म्हणून नेला. तो पलीकडे पोचल्याचं कोणी पाहिलं नाही.

हेझेकायाची अब्रू वाचली. पण गल्लीत सांगितलेली गोष्ट गल्लीत कशी राहील? पुढच्या आठवड्यात सेंट थॉमसहून बिशप थियोफिलस आले. आयव्होरीनला मदर केलं होतं ते त्यांनीच. हेझेकाया अंगणात ढोलाच्या दोऱ्या आवळत होता, आणि पत्र्यापलीकडचा शब्दन्‌शब्द ऐकू येत होता.

"मदर, लोक म्हणतात आपली प्रार्थनेची घंटा त्या गांजावाल्यांच्या रेकॉर्डवर आहे. खरं असेल तर ही घंटा आणि हा फेटा मला परत न्यावा लागेल."

खऱ्याला न घाबरणाऱ्या आयव्होरीनचा बारीक आवाज आला. "शहरात घंटा पुष्कळ आहेत, बिशप."

बिशपचं डोकं कुंपणावर उगवलं. "बंधू, रेकॉर्ड तुमची आहे. तुम्ही सांगा, घंटा कोणाची?"

हेझेकायाने मान वर केली. बिशपच्या मागे आयव्होरीन घंटा छातीशी धरून उभी होती. जन्मात ती त्याला इतकी लहान दिसली नव्हती.

"पक्षाची," तो म्हणाला.

"पक्षाची?"

"निवडणूक आहे ना. ते म्हणाले घाला, मी नि मी घातली."

बिशपचा चेहरा खुलला. "मला वाटलंच! इतकी दाढी वाढवून शेवटी पुढाऱ्यांच्या मागे. देव तुम्हाला क्षमा करो." आणि ते समाधानाने बसच्या थांब्याकडे गेले.

आयव्होरीन कुंपणाशी आली.

"उद्या सेंट थॉमसभर होईल, हेझेकाया घंटावाला म्हणून," आयव्होरीन म्हणाली.

"होईना. तिकडे मला ओळखतं कोण?"

"अख्खं गाव ओळखतं. आपण तिथलेच आहोत, हेझेकाया."

हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. पलीकडे फाटकाची कडी वाजली.

"कुठे निघालीस?"

"बस अजून सुटली नसेल. बिशपना खरं काय ते सांगून येते."

"फेटा काढून घेतील ना तुझा! आणि ती घंटा कशाला घेतलीस हातात?"

"परत मागितली तर पुन्हा हेलपाटा नको," ती म्हणाली, आणि झपाझप थांब्याकडे चालू लागली.