निरोगी गृहस्थ, नग एक

आजारी माणूस कुणालाही सापडतो. निरोगी माणूस शोधायला मात्र विभाग लागतो.

असा एक विभाग बीदर आणि मन्नाएखेळ्ळीच्या दरम्यान, हमरस्ता सोडून जरा आत, एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर आहे. (लिफ्ट आहे. निरोगी लोकांना तिची गरज नाही आणि आजाऱ्यांसाठी ती बंद आहे.) रक्त, लघवी, थुंकी तपासून माणसाला काय झालंय ते सांगायचं, या शास्त्राला क्लिनिकल पॅथॉलॉजी म्हणतात. पेशंट लोक 'वरची लॅब' म्हणतात.

दारावर रंगवलेला फलक आहे. नाव, हुद्दा, संशोधनातील रुची. विभागप्रमुख डॉ. गुरुशांतप्पा यांच्यापुढे 'लघवीचा रंग' असं लिहिलंय. या विषयाला त्यांनी तेवीस वर्षं दिली आणि पिवळ्याच्या एकोणीस छटा वेगळ्या काढल्या (विसावीबद्दल जाणकारांत मतभेद आहेत). डॉ. संगमेश्वर यांची रुची थुंकीत. डॉ. नेत्रावती यांची रुची, नळीत उभं ठेवलेलं रक्त तासाभरात किती खाली बसतं, यात. तो तासभर त्यांनाही बसून राहता येई, त्यामुळे विषय त्यांना मानवला होता. चौथं नाव डॉ. अंबिका, सहायक प्राध्यापक. रुचीच्या रकान्यात पेंटरनं जागा सोडली होती.

अंबिकाला रुची नव्हती असं नाही. पेशंटला काय झालंय ते ओळखून त्याला वेळेत सांगावं, यात तिला रुची होती. पण त्याला काम म्हणतात, संशोधन नव्हे, हे प्रमुखांनी पहिल्याच दिवशी समजावलं होतं. नोकरी कायम व्हायची तर तपासणी पथक येण्याआधी रकाना भरायला हवा होता आणि एक पेपर छापून यायला हवा होता.

आता कुठल्याही संशोधनात एक अडचण असते. पन्नास आजारी माणसांचं रक्त तपासलं, तर ते आजारी आहेत हे कशावरून? त्यासाठी शेजारी पन्नास निरोगी माणसं लागतात. पूर्वी विभाग स्वतःच्याच लोकांचं रक्त वापरी. पण प्रमुखांना साखर निघाली, संगमेश्वरांना बीपी निघालं, आणि कारकून वीरभद्रप्पा यांच्या बाबतीत काय निघालं नाही याचीच यादी करणं सोपं होतं. शेवटी भालकी तालुक्यात मेहकरला शिबिर घेतलं. चारशे बारा माणसं तपासली. तंबाखूमुळे एकशे नव्वद गेले. गोळ्या चालू असल्यामुळे एकशे दहा गेले. बाकीचे सांधे, साखर, दमा आणि 'सुई बघून पळाले' या सदरांत गेले. उरला एक. तो तपासणीसाठी आलाच नव्हता. बायको राजूबाई हिच्या अंगात रक्त कमी होतं, तिची छत्री धरून तो रांगेशेजारी उभा होता.

हा ग्यानबा. वय बावन्न, हिमोग्लोबिन चौदा पूर्णांक दोन. ना सुपारी, ना तंबाखू, ना तक्रार. प्रमुखांनी त्याचा रिपोर्ट दोनदा वाचला आणि चष्मा पुसला.

राजूबाईला लाल गोळ्या मिळाल्या आणि ग्यानबाला पद मिळालं. दर सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी त्यानं यायचं, रक्त द्यायचं, चहा-बन खायचा. शेकडो पानी प्रबंध त्याच्या डाव्या हातावर उभे राहू लागले. (उजवा हात राखीव होता.) पन्नास निरोगी माणसं घेणं आणि एका निरोगी माणसाला पन्नास वेळा घेणं, यात संख्याशास्त्र फरक करत असेल, विभाग करत नाही. अकरा महिन्यांत एक्केचाळीस पेपर छापून आले. प्रत्येकात पन्नास निरोगी पुरुष होते, सगळे बावन्न वर्षांचे, सगळे मेहकरचे. एका नियतकालिकाच्या परीक्षकानं तर 'निरोगी गटातील विलक्षण एकजिनसीपणा' असा खास गौरव केला.

गावात ग्यानबाची मान ताठ झाली. विभागानं दिलेलं 'नॉर्मल' असं शिक्क्याचं प्रमाणपत्र त्यानं देव्हाऱ्याशेजारी टांगलं. सोयरीक ठरवताना लोक त्याला पुढं बसवू लागले. ताकात मीठ किती घालावं इथपासून त्याचं मत विचारलं जाऊ लागलं, कारण घेतलं तर नॉर्मल माणसाचं घ्यावं.

अडचण अंबिकाला दिसली. ती जुन्या सवयीप्रमाणे रिपोर्ट वाचत होती. दिवाळीत चौदा पूर्णांक दोन. संक्रांतीला बारा पूर्णांक सहा. पाडव्याला दहा पूर्णांक नऊ. आणि भादव्यात नऊ पूर्णांक एक. ग्यानबा आता जिन्यात दोनदा बसे आणि वर आल्यावर भिंतीला हात लावून हसे.

"सर, ग्यानबाकाकांच्या अंगात रक्त राहिलं नाही," अंबिका म्हणाली. "आपणच काढलंय ते."

"नोड्री मॅडम, मशीन बघा."

"बघितलं. सहा वेळा."

"मग सातव्यांदा बघा." प्रमुखांनी शांतपणे पेन मिटलं. "ग्यानबा आजारी असू शकत न्हाई. एक्केचाळीस पेपरांत छापून आलंय ते. तो आजारी पडला तर पेपर आजारी पडतील. पेपर पडले तर मी, संगमेश्वर, नेत्रावती... तुम्ही तर अजून कायमच झाला न्हाईत."

तरीही विभाग शास्त्रीय वृत्तीचा असल्यानं बैठक बोलावण्यात आली. इतिवृत्त असं: सदर गृहस्थ निरोगी असल्याचे सिद्ध आहे. सदर गृहस्थाचे हिमोग्लोबिन नऊ पूर्णांक एक आहे. सबब निरोगी माणसाचे हिमोग्लोबिन नऊ पूर्णांक एक असते. मागेपुढे अर्धा धरून आठ पूर्णांक सहा ते नऊ पूर्णांक सहा ही मर्यादा आजपासून रिपोर्टच्या उजव्या रकान्यात छापावी, व तिच्या बाहेर जाणाऱ्याच्या आकड्यापुढे तारा उमटवावा, फार बाहेर गेल्यास जादा. चहापान झाले.

अंबिकानं सही केली. इतिवृत्त आणि तिच्या नोकरीची फाइल प्रमुखांनी एकाच टाचणीत लावून पुढं केली होती. सही करताना आपण हे टाचणीमुळे करत नाही, असं तिनं स्वतःला बजावलं. टाचणी जरा टोचली.

पुढच्या सोमवारी ओपीडीत चौसष्ट पेशंट आले आणि जवळपास चौसष्टांपुढे तारे उमटले. मन्नाएखेळ्ळीचे किराणा व्यापारी सिद्धराम अण्णा नुसते कान दुखतो म्हणून आले होते. त्यांना चौदाचं हिमोग्लोबिन निघालं.

"जास्त हाय म्हंजे चांगलंच की वो?" ते म्हणाले.

"जास्त म्हणजे आजार," वीरभद्रप्पांनी कागद फाडून हातात दिला. "हात पुढं करा. थोडं काढावं लागंल."

अशा रीतीनं आजारावर उपचार झाला आणि विभागाचा नमुन्यांचा तुटवडाही मिटला. सीमाभागात हिमोग्लोबिनवाढीची साथ आल्याचं डॉ. नेत्रावतींनी जाहीर केलं आणि तिच्यावर प्रकल्प दाखल केला. बीदरजवळच्या कोळारच्या कारखान्यांतून चांगली धडधाकट माणसं हादरून येऊ लागली आणि उपचार घेऊन, भिंतीला धरून, समाधानानं परत जाऊ लागली.

त्याच आठवड्यात अंबिकाला रॅम्पच्या उतारावरून चाकांची एक खुर्ची वर येताना दिसली. खुर्चीत राजूबाई बसली होती, मांडीवर पिशवी, चेहऱ्यावर संताप. गोळ्यांनी तिचं रक्त बारा पूर्णांक चारवर गेलं होतं. तिला दोन तारे मिळाले होते. खुर्ची ढकलत होता ग्यानबा. दर चार पावलांनी तो थांबे, आणि राजूबाई मागं वळून त्याच्या कपाळाचा घाम पदरानं पुसे.

"बाई, तुमीच न्याय करा," ती अंबिकाला म्हणाली. "मी दोन घागरी घिऊन चढ चढायलेय, अन् मला गाडीत घातलंय. ह्ये हितून तितं जाईस्तोर धापायलेत. ह्यातलं आजारी कोण, त्येवढं सांगा."

"आगं गप बस की," ग्यानबा धापा टाकत म्हणाला. "कागदावर लिव्हलंय. तुला तारा हाय. मला हाय का?"

"तारा घाला चुलीत! तोंड बघा आरशात. पांढरंफटक झालंय."

"नॉर्मल मानूस असाच दिसतोय. तू कुठं बघितलीस नॉर्मल मानसं?"

"काका, मी दोन गोळ्या लिहून देऊ का?" अंबिकानं विचारलं.

ग्यानबा दुखावला. "बाई, तुमीच असं म्हनायलाव? गोळी घेतली की पद गेलं. नेम हाय तसा."

नेम होता तसा. तो वीरभद्रप्पांकडे श्वास घ्यायला गेला (म्हणजे चहा प्यायला, पण आता दोन्ही एकच होतं). अंबिका राजूबाईजवळ खाली बसली.

"अक्का, लाल गोळ्या उरल्यात का?"

"तीन पाकिटं हायत की."

"तारा आलाय, तेव्हा तुम्हाला त्या आता बंद. पण औषध वाया घालवू नये. घरात कुणाच्या तरी..."

राजूबाईनं तिच्याकडं नीट बघितलं. मग पिशवीचा बंद आवळला. "येसराच्या काळ्या आमटीत कुटून टाकली, तर कळतंय का?"

"मला विचारू नका. मी सही केलेली बाई आहे."

"मंग सुयाचं काय? मी भरनार, तुमी उपसनार!"

हा प्रश्न खरोखर संशोधनाचा होता. दुसऱ्या दिवशी अंबिकानं प्रमुखांपुढं प्रस्ताव ठेवला: 'निरोगी माणसाचे रक्त न काढल्याने त्याच्यावर होणारे परिणाम'. कालावधी तीन महिने. अभ्यास चालू असताना सदर गृहस्थास अन्य कुणी सुई लावू नये, अन्यथा निष्कर्ष दूषित होतील. समितीत एकच शंका निघाली. रक्त काढायचंच नाही तर तपासायचं काय? अंबिका म्हणाली, "सर, या विषयावर जगात कुणी काम केलेलं नाही." हे खरं होतं. प्रस्ताव मंजूर झाला आणि पेंटरनं फलकावर तिच्या नावापुढं 'न काढलेले रक्त' असं रंगवलं.

तीन महिने ग्यानबा घरी राहिला. येसराची आमटी रोज झाली. ती अलीकडं जरा लोखंडासारखी लागते, अशी त्याची तक्रार होती. पण चव ओळखणं हे नॉर्मल माणसाचंच काम असल्यानं तो ती अभिमानानं करी. दुसऱ्या महिन्यात तो राजूबाईच्या हातची एक घागर घेऊ लागला. तिसऱ्यात दोन्ही.

शेवटच्या दिवशी तो जिना न थांबता चढला. हिमोग्लोबिन तेरा पूर्णांक आठ. कागदावर तारे तीन.

त्यानं कागद उलटसुलट करून बघितला आणि बाकावर बसला. "माझा काय गुन्हा झाला?" तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "सुया बंद केल्या, तितंच माजी तब्बेत बिगडली."

"आवं, उठा," राजूबाई म्हणाली. "जिवंत हाव, त्येवढं बास. बस निघायलीय."

"लोकांना काय तोंड दावू? तारा घिऊन गावात जाऊ?"

ती त्याचा दंड धरून त्याला खाली घेऊन गेली. जाताना तिनं अंबिकाच्या टेबलावर पिशवीतून एक पुडी ठेवली. येसराच्या मसाल्याची होती. अंबिकानं ती खणात ठेवली आणि खण बंद करायला जरा वेळ लावला.

'रक्त न काढल्यास निरोगी माणूस आजारी पडतो' हा तिचा पेपर त्या वर्षी विभागात सर्वोत्कृष्ट ठरला. तपासणी पथकानं फलक वाचला, रकाने मोजले आणि तिला कायम केलं. आपला पेपर खोटा आहे की खरा, हे तिनं पुष्कळ दिवस ठरवायचा प्रयत्न केला. आकडे सगळे बरोबर होते.

पद मात्र रिकामं आहे. विभागाला तातडीनं निरोगी गृहस्थ, नग एक, हवा आहे. स्त्रियाही चालतील. अट एकच: रिपोर्टवर एकही तारा नसावा. पण जाहिरात द्यायची गरज पडणार नाही, असं प्रमुखांचं मत आहे, आणि ते या बाबतीत चुकत नाहीत. उजवा रकाना आता आसपासच्या बऱ्याच लॅबांनी उतरवून घेतलाय. तुम्हीही मागं कधीतरी रिपोर्ट हातात घेतला होता, काही न वाचता नुसते तारे शोधले होते, एकही नाही बघून सुटकेचा निःश्वास टाकला होता आणि घरी फोन केला होता की सगळं नॉर्मल आहे. त्या रिपोर्टच्या वरच्या कोपऱ्यात तुमचा मोबाइल नंबर आहे.

फोन आला की उपाशीपोटी या. दुसरा मजला. जिन्यात धाप लागली तर घाबरू नका, ती नॉर्मल आहे.