बेबीनंदाचे पुढचे दोन दात

कडूबाची बेबीनंदा हसायची थांबली, ती पुढचे पक्के दात आले तेव्हापासून. दोन्ही दातांवर कत्थई डाग, आणि एकावर तर बारीक खड्डा. शाळेत कुणीतरी "गंजकी" म्हणालं आणि पोरीनं तोंडाला कुलूपच लावलं. दुष्काळ सरलेला, वडीगोद्रीच्या सडकेवर कडूबाचं सायकलचं दुकान पुन्हा चालू लागलेलं, तरी घर सुनं. दुधाचे दात होते तेव्हा ही पोर अशी खदाखदा हसायची, की गिऱ्हाईक पंक्चर विसरून बघत राहायचं. कडूबा आता हातात ट्यूब धरून त्याच हसण्यासाठी कान टवकारायचा. नुसते ट्रक ऐकू यायचे.

शेजारच्या झुंबरबाईनं कोळसा सांगितला. डाग जिथल्या तिथं, हिरड्या मात्र काळ्या. मग तिनं लिंबू-मीठ सांगितलं. पोरगी दोन दिवस भाकर खाईना. तिसरा उपाय सांगायला झुंबरबाई दारात आली, तशी कौसल्या नवऱ्याला म्हणाली, "आता तुम्ही जल्दी जालन्याला न्या तिला. न्हाईतर ही बाई दातच पाडंल."

जालन्याच्या डॉक्टरांनी कसाबसा पोरीचा ओठ वर करून पाहिलं.

"काढावं लागंल का, साहेब?" कडूबानं भीत भीत विचारलं.

"कशाला? दात चांगला मजबूत आहे. वरचं कवच तेवढं कच्चं राहिलंय. डाग हलकेच घासून कमी करू, खड्ड्यात पांढरं औषध भरू. सुईसुद्धा लागणार नाही."

पण खुर्ची बघून बेबीनंदानं ओठ घट्ट मिटले. "आधी बाबाला बसू द्या," ती मिटल्या ओठांआडून म्हणाली.

"बसतो की! त्यात काय? बिलकुल दुखत न्हाई." कडूबा ऐटीत बसला आणि त्यानं आ केला. डॉक्टरांनी दिवा ओढला, ते वाकले आणि वाकलेलेच राहिले.

"अहो, ही दाढ पार पोखरलीय! काढावीच लागेल. झोप कशी लागते तुम्हाला?"

"लवंग धरतो, साहेब. माझं राहू द्या. मी नुस्तं पोरीला दावायला बसून राह्यलो."

"बाबा," बेबीनंदा म्हणाली, "बिलकुल दुखत न्हाई ना? मंग काढा की."

आता उठावं तर पोरगी बसणार नाही, आणि बसावं तर दाढ जाणार. कडूबानं डोळे मिटले. सुई टोचली. जरा वेळानं गाल, ओठ, जीभ सगळं लाकूड झालं. तेवढ्यात पोरीनं विचारलं, "दुखतंय का?"

"बिलतुल थुखत नाई!" कडूबा मोठ्या धीरानं म्हणाला.

आणि खोलीत ते हसू फुटलं. तेच, पूर्वीचं, खदाखदा. कडूबानं झटकन मान वळवली.

"मान हलवू नका!" डॉक्टर ओरडले. कंपाउंडरनं डोकं दोन्ही हातांत गच्च धरलं. हसणं कानाशी होतं, पण डोळ्यांसमोर नुसता दिवा. दाढ निघेपर्यंत तेही ओसरलं.

त्यानंतर पोरगी गुमान बसली. काम झाल्यावर तिनं आरशात पाहिलं. खड्डा बुजला होता, कत्थई रंग गेला होता, थोडी दुधट झाक तेवढी उरली होती. ती हसली मात्र नाही. नुसती बघत राहिली. एस्टीत कडूबा कापसाचा बोळा चावत तिला खुणा करत होता, हस, हस.

"हस म्हणल्यावर येतंय व्हय, बाबा?" ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

दिवस कलता दोघं घरी पोचले. कौसल्या नवऱ्याचा सुजलेला गाल बघून दचकली. "अवो, दात पोरीचे होते ना? तुमचं काय झालं?"

"थाथ थाधली," कडूबा म्हणाला.

बेबीनंदा उंबऱ्यातच खदाखदा हसत सुटली. तोंड सताड उघडं, सगळे दात उन्हात. कौसल्या गालाचं विसरून पोरीकडं बघत राहिली आणि तिचे डोळे भरून आले. कडूबाही बघत होता, या वेळी समोरासमोर.

"अवो, पुन्हा बोला की," कौसल्या हळूच म्हणाली.

"थाय थोलू?"

पोरगी पोट धरून खाली बसली. जेवतानाही कडूबा तसाच बोलला, दुसऱ्या दिवशी दुकानातही. झुंबरबाई तर म्हणाली, डॉक्टरनं जीभ कापली वाटतं. कडूबानं मान डोलावली. त्याची जीभ तर काल येताना, वाटेत अंबडच्या स्टँडवरच ताळ्यावर आली होती.